पाणी आधी, जनरेटर मागून

काकू, सप्रेम नमस्कार. मी मूळची इचलकरंजीची. दोन वर्षांपूर्वी आम्ही टोरोंटोतला फ्लॅट विकून पीटरबरोच्या पलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत घर घेतलं. स्वतःची विहीर, आजूबाजूला मेपलची झाडं, शेजारी हाकेच्या अंतरावर नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस बर्फाचं वादळ झालं त्यात आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती. चौथ्या दिवशी कसेबसे मिसिसागाला दिरांकडे पोचलो. परत येऊन बघतो तर तळघरात घोट्याच्या वर पाणी. आता बाळ आठ महिन्यांचं आहे आणि या हिवाळ्यात सासूबाई येणार आहेत, त्यांना इन्सुलिन चालू आहे. नवरा म्हणतो, दोन हजार वॉटचा जनरेटर आणतो, मग काळजी नको. मला काही ते पटत नाही. तुम्ही खेड्यात राहता, १९९८ सालचं मोठं वादळ तुम्ही काढलंय असं ऐकलं. नक्की काय तयारी करू?
– एक वाचक, पीटरबरो परिसर, ओंटारिओ

अगं, नवऱ्याला जनरेटर आणू दे, पण आधी एक प्रश्न विचार: आपल्या विहिरीतला पंप किती व्होल्टचा? इकडे बोअरमध्ये सोडलेले पंप बहुतेक दोनशे चाळीस व्होल्टचे असतात. दुकानात हातात उचलून आणता येतो तो छोटा दोन हजार वॉटवाला साधारणपणे एकशे वीसच देतो. त्यावर फ्रीज चालेल, फर्नेसचा (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा) पंखा चालेल, फोन चार्ज होतील, आणि नळाला थेंब येणार नाही. आमच्या ओळखीत दोघांनी हा घोळ घातलाय. दिवाणखान्यात दिवा लागलेला आणि संडासात बादली नाही.

आता १९९८ चं सांगते. आम्ही तेव्हाही इथेच होतो, ओंटारिओच्या पूर्व टोकाला, कॉर्नवॉलच्या उत्तरेला, ग्लेनगॅरीच्या शेतांमध्ये. ५ जानेवारीला पाऊस सुरू झाला. पाऊसच, बर्फ नव्हे. या भागात असा गोठता पाऊस दर हिवाळ्यात पडतो, काही तासांत आटपतो, लोक दारात राख टाकतात आणि कामाला लागतात. त्या वर्षी तो १० तारखेपर्यंत थांबून थांबून पडतच राहिला. ओटावाला ८५ मिलिमीटर, माँट्रियलला १००, आणि आमच्या कॉर्नवॉलला १०८. मुंबईकर हसतील, जुलैत तेवढा एका दुपारी पडतो. पण मुंबईचा पाऊस वाहून जातो. हा जिथे पडला तिथेच राहिला, प्रत्येक काडीवर, प्रत्येक तारेवर, थरावर थर.

दुसऱ्या रात्री मी खिडकीशी उभी होते. अंगणातल्या लायलॅकच्या झुडपाची पेन्सिलीएवढी फांदी माझ्या अंगठ्याहून जाड झाली होती, काचेच्या नळीत घातल्यासारखी. दिसायला फार सुंदर, लग्नाच्या मांडवातल्या झुंबरासारखं. मग रानातून आवाज यायला लागले. आधी एक कडाड, बंदुकीसारखा. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग कपाटातली सगळी भांडी एकदम खाली यावीत तसा खळ्ळकन आवाज. मेपलच्या फांद्या पडत होत्या. रात्रभर. कुत्रा माझ्या पलंगाखालून निघायला तयार नाही. पहाटे हायड्रो गेली (इकडे विजेला हायड्रो म्हणतात, तुला माहीत आहेच) आणि सोळा दिवसांनी आली.

त्या सोळा दिवसांत मला कळलेलं सांगते. थंडीने आमची दमछाक झाली नाही. दमवलं ते पाण्याने, आणि मारायला निघाला होता तो धूर. धुराचं पुढे सांगते.

पाणी. वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी बाथटब भरून ठेव, झाकण असलेल्या बादल्या भर, प्रेशर कुकरसुद्धा भर. टबातलं पाणी संडासाला, बादल्यांतलं धुण्याला, पिण्याचं वेगळं बाटल्यांत. माणशी दिवसाला चार लिटर धर, तेही फक्त पिण्या-स्वयंपाकाला. बाळाचं दूध पावडरचं असेल तर त्याचं पाणी निराळं मोज. आणि बर्फ वितळवून पाणी करू, भोवती ढीगभर पडलाय, असं मनात असेल तर एकदा करून बघ. भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या आत आणल्या की एक बादली पाणी होतं, त्यातही पाइनच्या सुया आणि कसली कसली काजळी. पातेल्यात आधी तळाला थोडं पाणी घालायचं आणि मग बर्फ टाकायचा, नाहीतर पातेलं करपतं. पाण्याला करपल्याचा वास येतो हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. हे पाणी संडासाला. प्यायचं झालं तर गाळून चांगलं उकळून, आणि बाळाला नकोच.

ऊब. घरभर ऊब धरायचा नाद सोड. एक खोली निवडायची, शक्यतो दक्षिणेकडची, लहान, आणि सगळ्यांनी तिथेच झोपायचं. दारांना गोधड्या टांगायच्या. आमच्याकडे वुडस्टोव्ह होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे आहे का ते तू लिहिलं नाहीस. असेल तर ऑक्टोबरातच धुराडं साफ करून घे, लाकूड दोन वर्षं वाळलेलं असू दे आणि त्यातलं निदान चार दिवसांचं घराच्या आत आणून ठेव. बाहेरच्या थप्पीवर बर्फाचं कवच चढलं की ती फोडायला कुऱ्हाडीची मागची बाजू लागते. काढलेली राख लोखंडी डब्यात, झाकण लावून, घराबाहेर. राख दोन-दोन दिवस निखारे पोटात धरून बसते. गार झाली की तीच पायवाटेवर टाक, घसरणं कमी होतं. आणखी एक, कोणी हसलं तर हसू दे: बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवायचे. गुळगुळीत बर्फावर पाय धरतात.

आणि वुडस्टोव्ह नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बाळ आणि सासूबाईंना घेऊन पहिल्याच दिवशी निघा. चौथ्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी रस्ते अजून उघडे असतात, चौथ्या दिवशी त्यांच्यावर झाडं आणि तारा पडलेल्या असतात. गावातल्या शाळेत किंवा हॉकीच्या अरिनात निवारा उघडतात, तिथे जायला लाजायचं काही कारण नाही. आम्ही दोन दिवस जवळच्या गावच्या शाळेत जेवलो. वाटाण्याचं सूप होतं. मीठ कमी.

आता धूर. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही, पण लिहिते. तिसऱ्या दिवशी वुडस्टोव्हवर भात आणि डाळ करून कंटाळा आला होता. मला भाकरी हवी होती. गॅरेजमध्ये कोळशाचं बार्बेक्यू होतं. मी म्हटलं, गॅरेजचं मोठं दार थोडं वर केलं की झालं, आपल्या गावाकडे चूल घरातच असते की. पेटवलं, तवा ठेवला, चार भाकऱ्या झाल्या. पाचवीला डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, झोप झाली नाही म्हणून. सहावी थापताना पीठ हातातून पडलं आणि मला ते उचलावंसंच वाटेना. नुसती बघत बसले. तेवढ्यात शेजारचा म्हातारा शेतकरी दुधाची रिकामी कॅन द्यायला आला. त्याने एक शब्द न बोलता ते बार्बेक्यू पायाने ढकलत बाहेर बर्फात नेलं, मला दंडाला धरून अंगणात आणलं आणि मग जे काही बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. चूल घरात असते, पण आपल्या कौलांतून धूर जातो. इकडची घरं डब्यासारखी बंद असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्या वादळात जी माणसं गेली त्यांतली काही अशीच गेली.

तेव्हा कोळशाची शेगडी, कॅम्पिंगचा स्टोव्ह, प्रोपेनचं बार्बेक्यू, यांतलं काहीही घरात नाही, गॅरेजात नाही, दार उघडं ठेवूनही नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लाव आणि सेल बदलल्याची तारीख त्याच्यावर पेनाने लिही. गाडीत बसून फोन चार्ज करायचा असेल तर आधी मागे जाऊन सायलेन्सरची नळी बर्फाने बुजली नाही ना ते बघायचं, आणि गाडी अंगणातच.

इतकं झालं की मग जनरेटर. तो घरापासून निदान सहा मीटर लांब, खिडक्या-दारांकडे धूर येणार नाही असा. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला चहा देऊन घरी पाठव. ती वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे तार जोडायला चढलेल्या माणसाला बसते. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर खांबावरच्या तारेपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच, बसवून घ्या. दोनशे चाळीस व्होल्टचा जनरेटर घेतलात तर विहिरीचा पंपही चालेल आणि तळघरात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा संप पंपही. तुमच्या तळघरात पाणी साचलं ते तो बंद पडल्यानेच. वादळानंतर ऊन पडतं, सगळं वितळतं, आणि नेमका तेव्हा पंप बंद असतो. पैसे कमी असतील तर निदान संप पंपाला बॅटरीचा जोड घ्या.

घर सोडून जाताना पाइप रिकामे करायचे. पंपाचा ब्रेकर बंद. गिझरचा ब्रेकरही बंद, हे विसरू नकोस. नाहीतर वीज परत येते तेव्हा टाकी रिकामी असते आणि आतली कॉइल जळते. मग तळघरातला सगळ्यांत खालचा नळ उघडायचा, वरचे सगळे उघडायचे, संडास फ्लश करायचा, आणि मोऱ्यांच्या वाकड्या नळ्यांत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ते गुलाबी अँटीफ्रीझ थोडं थोडं ओतायचं. गाडीत घालतात ते वेगळं, ते विषारी, ते नाही. आम्ही हे सगळं केलं आणि कपडे धुण्याच्या मशीनची नळी विसरलो. ती फुटली.

सासूबाईंचं इन्सुलिन. सगळे फ्रीज बंद पडल्याची काळजी करतात, पण हिवाळ्यात भीती उलटी असते, ते गोठायची. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. खिडकीच्या कठड्यावर किंवा गाडीत ठेवू नकोस. चालू असलेली पेन त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी, बाकीची थर्मासच्या डब्यात, ऊब धरलेल्या खोलीत. त्या तुला 'मला काही थंडी वाजत नाही' असं सांगतील. विश्वास ठेवू नकोस. म्हातारं माणूस गारठलं की आधी गप्प होतं, मग बोलणं जड होतं, विसरल्यासारखं करतं. तेव्हा चहा पाजत बसायचं नाही, ९११. त्यांना आधीच रात्री कानटोपी घालून झोपायची सवय लाव. माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या की तीन स्वेटरांवरून नऊवारी नेसायच्या आणि त्यांना काही झालं नाही.

फ्रीझर न उघडता गच्च भरलेला असला तर साधारण दोन दिवस टिकतो, अर्धा भरलेला एक दिवस. अन्न बाहेर बर्फात ठेवायची युक्ती लोक सांगतात. आम्हीही केली. रॅकूनने चार किलो चिकन नेलं आणि पुरणाचा डबा उघडून तसाच टाकला.

*

ताई, माझा मुलगा पुण्यात शिकून आता ओंटारिओत एका खेड्यात नोकरीला आहे. मार्चमध्ये तिकडे वादळ झालं तेव्हा तीन दिवस त्याचा फोन लागला नाही. आम्ही इथे कोणाकोणाला फोन केले ते विचारू नका. अशा वेळी काय करावं?
– एक आई, सातारा

वहिनी, आमच्या वेळी तारेचा साधा फोन वीज गेली तरी चालायचा. आता सगळं मोबाइलवर, आणि टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत किंवा दिवसाभरात संपतात. त्याच्याशी आत्ताच ठरवून ठेवा: वादळात फोन करायचा नाही, दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी एकच मेसेज टाकायचा, 'ठीक'. फोन लागत नसला तरी मेसेज कधीकधी निघून जातो, आणि बॅटरीही कमी जाते. त्याच्या शेजाऱ्याचा आणि घरमालकाचा नंबर आजच मागून घ्या. द्यायला कुरकुर करेल, तरी घ्या.

*

ताई, मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी. २०१४ च्या मार्चमध्ये आमच्या भागात गारपिटीने हरभरा, गहू, द्राक्षं सगळं झोपवलं होतं, जनावरंही गेली. माझा पुतण्या आता कॅनडात एका डेअरीवर कामाला आहे. तो म्हणतो तिकडे बर्फाच्या वादळाची सगळ्यांना धास्ती आहे. म्हणजे गारपीटच ना? आणि अशा वेळी गाई कशा जगवतात?
– एक वाचक, औसा तालुका

दादा, गारपीट नव्हे. गार ढगातच बर्फ होऊन येते, दहा-पंधरा मिनिटांत होत्याचं नव्हतं करते आणि जाते. इथे वरच्या थरात उबदार हवा असते, तिथून पाऊस पाणी म्हणूनच निघतो. जमिनीलगत मात्र शून्याखालची हवा नदीच्या खोऱ्यात साचून बसलेली असते. थेंब त्यातून येताना गारठतो पण गोठत नाही, आणि कशाला तरी टेकला की त्या क्षणी बर्फ. म्हणून मार लागत नाही, भार पडतो. १९९८ मध्ये नुसत्या क्युबेकमध्ये विजेचे हजारभर पोलादी मनोरे त्या भाराने वाकले, काही तर कागदाची नळी चुरगळावी तसे. माँट्रियलजवळच्या बूशेरव्हिलमध्ये नगरपालिकेच्या इमारतीला वीज द्यायला रेल्वेचं इंजिन रुळावरून उतरवून रस्त्याने चालवत आणलं होतं. मदतीला सोळा हजारांच्या आसपास सैनिक होते.

आता गाईंचं. आमचे हे गुरांचे डॉक्टर, परळच्या कॉलेजातून शिकलेले, आयुष्यभर याच भागातल्या गोठ्यांवर काम केलं. त्या दिवसांत ते रात्री घरी आले की बूट काढायच्या आधी भिंतीला टेकून पाच मिनिटं उभे राहायचे. पन्नास-साठ गाई, सगळ्या मशीनवर दूध देणाऱ्या, आणि वीज नाही. हाताने धार काढायची तर एवढ्या गाई, दिवसातून दोनदा, आणि घरात काढणारे तिघं. दूध देणाऱ्या होल्स्टीनची कास वेळेवर रिकामी झाली नाही तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कास दगडासारखी, सड गरम, गाय पाय आपटते. आपण दगडी म्हणतो तेच. हे सांगायचे, गोठ्याच्या दारात पोचायच्या आधीच रस्त्यावर गाईंचं हंबरणं ऐकू यायचं, भुकेचं नव्हे, दुखण्याचं.

पाण्याचीही तीच गत. दुभती गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पिते आणि पंप बंद. काही जणांनी ओढ्यावरचा बर्फ फोडून टाकीने पाणी आणलं.

वाचवलं ते ट्रॅक्टरने. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा जनरेटर ज्याच्याकडे होता, त्याने तो ट्रॉलीवर टाकला आणि गोठ्यागोठ्यांतून फिरवला. पहाटे तीनला एकाकडे, पाचला दुसऱ्याकडे, आठला तिसऱ्याकडे. धार निघेल, पाण्याच्या टाक्या भरतील, एवढा वेळ थांबायचा, मग वायरी काढून पुढच्या शेतावर. आमच्या वाटेवर असा एक जनरेटर पाच गोठ्यांत फिरत होता आणि त्याच्यासोबत एक वही होती, कोणी किती तास चालवला आणि किती डिझेल घातलं ते लिहायला. भांडणं झाली का? झाली, एकदा. दोघा भावांची.

आणि एवढं करून काढलेलं दूध बहुतेकांनी ओतून दिलं. रस्ते बंद म्हणून टँकर येईना, डेअरीत वीज नाही, थंड करायची सोय नाही. लाखो लिटर दूध असं गेलं. तुम्ही २०१४ मध्ये द्राक्षाचे घड जमिनीवर पडलेले बघितलेत, म्हणून तुम्हाला सांगते: गोठ्यामागच्या बर्फात पांढऱ्यावर पांढरं दूध ओतताना दिसतही नाही, नुसती वाफ दिसते.

पुतण्याला तीन गोष्टी विचारायला सांगा. मालकाचा जनरेटर पीटीओचा आहे का आणि गेल्या वर्षभरात खरोखर चालवून बघितलाय का. डिझेल किती दिवसांचं आहे. आणि गोठ्याच्या छपरावर बर्फाचा भार आला तर जनावरं कुठे हलवायची. पडलेल्या तारेच्या जवळपास फिरकू नये, दहा मीटर लांब, ती मेलेली दिसली तरी. वाकलेल्या झाडाला एकट्याने करवत लावू नये, ताणलेली फांदी सुटली की धनुष्यासारखी उसळते. आमच्या ह्यांच्याकडे त्या महिन्यात गाईंपेक्षा माणसंच जास्त टाके घालून घ्यायला आली, दवाखाना लांब म्हणून. ह्यांनी घातलेही. कायद्यात बसतं का, विचारू नका.

तुम्ही जनावरांचं विचारलंत म्हणून एक आठवलं. १४ तारखेला संक्रांत होती, विजेविना आठवा दिवस. घरात तीळ होते, गूळ होता, वुडस्टोव्ह पेटलेला होता. पाक जरा कडक झाला, वड्या दगडासारख्या. ह्यांनी त्या कागदात बांधून गोठ्यावर नेल्या आणि जनरेटरवाल्या शेतकऱ्याला दिल्या. त्याने एक तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, दोन खिशात ठेवल्या, आणि उरलेली पुडी आपल्या म्हाताऱ्या गाईसमोर धरली. तिने कागदासकट खाल्ली.